सफारीचे गाठोडे : पूर्व आफ्रिकेतील प्रवासी कपड्यांचा इतिहास

पूर्व आफ्रिकेतील सफारीचा इतिहास बहुधा बंदुका, नामांकित शिकारी आणि हस्तिदंत यांच्या अंगाने लिहिला गेला असून, त्या प्रवासात कोणी काय अंगावर घातले, गाठोड्यात काय बांधले आणि ते गाठोडे कोणी वाहिले, हे प्रश्न त्यात तळटीपेपुरतेच उरले आहेत. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात सफारी म्हणजे किनाऱ्यावरून अंतर्भागात पायी जाणारा तांडा, आणि हा तांडा प्रामुख्याने कापडाच्या गठ्ठ्यांवर चालत असे. सफारीच्या कपड्यांचे रूप विषुववृत्तावरील उन्हाने घडवले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते; परंतु उपलब्ध हकिकती बारकाईने पाहिल्या, तर ते घडवण्यात तेथील उंचीचा, पावसाळी वाऱ्यांचा आणि सर्वांत अधिक म्हणजे ओझे वाहणाऱ्या माणसाच्या पाठीचा वाटा मोठा होता असे दिसते. त्या कपड्यांचे सूत, रंग आणि शिलाई यांत हिंदी गिरण्यांचा, हिंदी व्यापाऱ्यांचा आणि गोव्याच्या शिंप्यांचा हात किती होता, हेही त्याच हकिकतींतून उलगडते.

या प्रदेशाचे हवामान एका दिवसात आणि एका प्रवासात किती पालटते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. मोंबासा बंदर समुद्रसपाटीवर, दमट आणि उकाड्याचे. तेथून आत गेल्यावर तारूची कोरडी काटेरी झाडी लागते, आणि पुढे चढत चढत नैरोबीला पोहोचेपर्यंत प्रवासी सुमारे १,६६० मीटर उंचीवर आलेला असतो. नैवाशा सरोवराचा काठ याहून उंच आहे, टांझानियातील न्गोरोन्गोरो या प्रचंड ज्वालामुखी कुंडाची कड सुमारे २,३०० मीटरवर आहे, तर तिच्या पश्चिमेस पसरलेले सेरेंगेटीचे गवताळ मैदान पुन्हा दीड हजार मीटरच्या आसपास उतरते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारणपणे सहा अंश सेल्सिअसने उतरते, त्यामुळे किनाऱ्यावर घामाने भिजलेला सदरा डोंगरकडेवर त्याच अंगावर गारठा आणतो. शिवाय पाऊस वर्षातून दोनदा येतो : मार्च ते मे या काळातील मोठ्या पावसाला स्वाहिली भाषेत ‘मासिका’ म्हणतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधील लहान पावसाला ‘वुली’. नैरोबी विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने तेथील सर्वांत थंड महिना जुलै असतो, आणि त्या महिन्यात आकाश दिवसचे दिवस ढगाळ राहते.

युरोपातील विद्वानांना ही गोष्ट पचायला बराच वेळ लागला. योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने १८४८ च्या मे महिन्यात किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ पाहिले आणि तसे लिहून कळवले, तेव्हा विषुववृत्ताजवळ बर्फ असणे अशक्य आहे असे सांगून लंडनमधील भूगोलतज्ज्ञ विल्यम डेस्बरो कूली याने त्याची साक्ष धुडकावून लावली. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या चागा लोकांना मात्र शिखरावरची थंडी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. लंडनमध्ये बसून आफ्रिकेतील उष्णतेविषयी बांधलेले सिद्धान्त आणि आफ्रिकेत चालणाऱ्या माणसाला लागणारे कपडे यांच्यातील ही तफावत पुढील शंभर वर्षे टिकून राहिली.

तांड्यांच्या काळात गाठोड्यातील कापड नेसण्यासाठी थोडे आणि चलन म्हणून अधिक असे. झांझिबारसमोरच्या बागामोयो या किनाऱ्यावरील गावातून निघालेल्या तांड्याला वाटेत धान्य, कोंबड्या, पाणी आणि गावप्रमुखांचा ‘होंगो’ म्हणजे वाटकर या सर्वांसाठी कापडच मोजावे लागत असे. दोन वारांच्या तुकड्याला ‘शुका’ आणि चार वारांच्या तुकड्याला ‘दोती’ म्हणत, आणि सगळे भाव याच मापांत बोलले जात. सर्वांत चालणारे कापड म्हणजे ‘मेरिकानी’, म्हणजेच मराठी माणूस ज्याला मांजरपाट म्हणतो तसले कोरे, जाडेभरडे, न धुतलेले सुती कापड, जे अमेरिकेतील सेलम बंदराचे व्यापारी झांझिबारला आणत असल्यामुळे या नावाने ओळखले जाई. त्याच्या खालोखाल ‘कानिकी’ हे निळीत रंगवलेले गडद कापड, आणि ते मात्र हिंदुस्थानातून, विशेषतः कच्छच्या व्यापारी मार्गांनी येत असे. या व्यापाराच्या नाड्या झांझिबारमधील कच्छी पेढ्यांच्या हाती होत्या. जयराम शिवजी यांच्या पेढीकडे तर तेथील सुलतानाच्या जकातीचा मक्ताच होता.

हेन्री मॉर्टन स्टॅन्ली हा पत्रकार १८७१ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशाच्या शोधात निघाला, तेव्हा किती कापड बरोबर घ्यावे याचा त्याला काहीच अंदाज नव्हता, आणि तो हिशेब त्याला झांझिबारच्या अनुभवी अरब व्यापाऱ्याने शिकवला. शंभर माणसांच्या पोटाला दिवसाला दहा दोती, म्हणजे चाळीस वार कापड लागते, या दराने दोन वर्षांसाठी त्याने १६,००० वार मेरिकानी, ८,००० वार कानिकी आणि ५,२०० वार रंगीत कापड अशी यादी धरली. बेरीज २९,२०० वार होते आणि ती ७३० दिवसांच्या खर्चाशी बरोबर जुळते. कोणत्या टोळीला कोणते कापड पसंत पडेल हेही आधी ठाऊक असावे लागे, कारण एका गावात हातोहात जाणारे निळे कापड पुढच्या गावात कोणी हातातही धरत नसे, आणि नको असलेला माल पुढे शेकडो मैल पाठीवर वाहून न्यावा लागे. कपडे बांधण्याचे शास्त्र पूर्व आफ्रिकेत प्रथम या व्यवहारात घडले, असे म्हणण्यास जागा आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मेरिकानीचा पुरवठा तुटला. त्याच सुमारास मुंबईत गिरण्यांचा धंदा मूळ धरत होता. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन दोन वर्षांनी सुरू झाली होती. पुढील काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांनी हेच कोरे कापड विणून पूर्व आफ्रिकेची बाजारपेठ हळूहळू आपल्याकडे ओढली, आणि नाव अमेरिकेचे राहिले तरी माल मुंबईचा झाला. त्यामुळे गिरणगावातील मागावर विणलेले कापड टांगानिका सरोवराच्या काठी एखाद्या शेतकऱ्याच्या अंगावर असणे ही त्या काळी नवलाची गोष्ट राहिली नव्हती.

महाराष्ट्राचा याहूनही थेट संबंध नाशिकमधून जुळतो. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमशाळेत ठेवली जात आणि तेथे त्यांना लिहिणे-वाचणे व सुतारकी, लोहारकी असे उद्योग शिकवले जात. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईत आला आणि आपल्या अखेरच्या सफारीसाठी त्याने या शाळेतील नऊ तरुण निवडले. इतिहासात ते ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखले जातात. चुमा हा त्याचा दुसरा सोबतीही काही काळ मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबियातील चितांबो या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा चुमा, त्याच्यासारखाच सोबती सुसी आणि शरणपूरचा जेकब वेनराइट यांनी मिळून त्याचे शव किनाऱ्यापर्यंत नेण्याचे ठरवले. त्यांनी ते मीठ लावून उन्हात वाळवले, सुती कापडात गुंडाळले, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातले आणि वरून शिडाचे कापड शिवून टाकले. वाटेत शव नेण्यास गावकरी हरकत घेऊ लागले, तेव्हा या मंडळींनी एक खोटे शव बांधून परत पाठवल्याचा बहाणा केला आणि खऱ्या शवाला तांड्यातील इतर मालासारखा कापडाच्या गठ्ठ्याचा आकार दिला. दीड हजार किलोमीटरहून लांब अशा त्या वाटेवर कापडाचा गठ्ठा ही इतकी नेहमीची वस्तू होती, की त्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोहोचले. या माणसांच्या कर्तबगारीला शिकारकथांइतकी जागा इतिहासाने दिली नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे; नाशिककरांनी तरी ती विसरू नये.

युरोपीय प्रवाशाच्या स्वतःच्या कपड्यांविषयी पहिले व्यवस्थित मार्गदर्शन फ्रान्सिस गॉल्टन याने १८५५ च्या ‘द आर्ट ऑफ ट्रॅव्हल’ या पुस्तकात केले. नैर्ऋत्य आफ्रिकेत स्वतः हिंडलेला हा गृहस्थ अंगाला लागून फ्लॅनेल, म्हणजे मऊ लोकरी कापड, घालण्याचा आग्रह धरतो. कारण घामानंतर येणारा गारठा हाच प्रवाशाचा खरा शत्रू आहे असे त्याचे निरीक्षण होते. सदऱ्याच्या बाह्या दुमडायच्या असतील तर त्या बाहेरच्या अंगाने न दुमडता आतल्या अंगाने दुमडाव्यात, म्हणजे त्या तासन्‌तास घसरत नाहीत, इतक्या बारकाव्यापर्यंत तो उतरतो. मुसळधार पावसात कपडे कोरडे ठेवण्याचा उपाय म्हणून ते काढून त्यांवर बसून राहण्याची, दुसऱ्या एका प्रवाशाने अवलंबलेली युक्तीही त्याने नोंदवली आहे. हे सगळे ज्ञान चालणाऱ्या माणसाचे होते आणि म्हणून ते टिकाऊ ठरले.

याउलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाने जे कपडे सफारीच्या यादीत घातले, त्यांतील पुष्कळसे निरर्थक होते. पोटाला गारवा लागल्याने पटकी व हगवण होते या समजुतीने फ्लॅनेलचा रुंद पट्टा कमरेभोवती गुंडाळत. उष्ण प्रदेशातील सूर्यप्रकाशात गोऱ्या माणसाच्या मज्जातंतूंना मारक असे अदृश्य किरण असतात, हा सिद्धान्त चार्ल्स वुडरफ या अमेरिकन लष्करी डॉक्टराने १९०५ मध्ये पुस्तकरूपाने मांडला, आणि त्यापाठोपाठ पाठीच्या कण्यावर सदऱ्याला गुंड्यांनी अडकवायची कापूस भरलेली गादी, लाल अस्तराचे अंगरखे आणि ‘सोलारो’ नावाचे, बाहेरून खाकीसर व आतून लाल झळकणारे कापड यांचा खप वाढला. सोलारोमागील कल्पना लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील लुई सॅम्बन याची होती. डोक्यावर भेंडाची टोपी, म्हणजे दलदलीत वाढणाऱ्या भेंड या वनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून बंगालकडे बनणारी आणि सोला हॅट या नावाने ओळखली जाणारी टोपी, असे; किंवा एकात एक घातलेल्या दोन नमद्याच्या टोप्यांची, हिमालयाच्या पायथ्यावरून नाव पडलेली ‘डबल तराई’. केनियातील गोऱ्या वसाहतवाल्यांची मुले पत्र्याच्या छपराखालीही टोपी काढत नसत. दुसऱ्या महायुद्धात लाखो सैनिक उत्तर आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात या टोपीवाचून उन्हात लढले, त्यांना त्या किरणांनी काही केले नाही, आणि सिद्धान्तासकट टोपीही मागे पडली.

खाकी रंगाची कथा यापेक्षा भक्कम पायावर उभी आहे. १८४६ मध्ये पेशावर येथे हॅरी लम्सडेन याने ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि तिच्यासाठी पांढरे कापड मातकट रंगात बुडवून गणवेश केले, येथून या रंगाचा लष्करी प्रवास सुरू झाला. आरंभीचे रंग धुण्यात उडून जात आणि एकाच पलटणीत दहा छटा दिसत. पक्का खाकी रंग देण्याच्या कृतीचे पेटंट इंग्लंडमधील ॲक्रिंग्टन येथील रंगारी फ्रेडरिक गॅटी याने १८८४ मध्ये घेतले, तेव्हा कोठे हा प्रश्न सुटला. हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकारी रजा काढून शिकारीसाठी मोंबासाला जाऊ लागले, ते हेच कपडे अंगावर घालून गेले. लंडनच्या ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली होती, आणि तिच्या जाडजूड सूचिपत्रात तंबू, खाटा, पत्र्याच्या ट्रंका, घडीची आंघोळीची टबे असा उष्ण प्रदेशासाठीचा सगळा सरंजाम असे.

१८९६ मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले. बत्तीस हजारांच्या आसपास हिंदी मजूर त्यासाठी नेले गेले, त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले, आणि १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. १८९९ मध्ये रूळ जेथे पोहोचले त्या दलदलीच्या मैदानावर तंबू आणि पत्र्याच्या चाळी उभ्या राहून नैरोबी शहर वसले, आणि दशकभरात ते सफारीची पेठ झाले. या पेठेचे दुकानदार बहुतेक गुजराती व कच्छी, चलन हिंदी रुपया, आणि दुकानाच्या ओसरीवर शिवणयंत्र घेऊन बसलेला शिंपी बहुधा हिंदी, त्यातही पुष्कळदा गोव्याचा असे. मुंबईहून मोंबासाला जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींनी गोव्याची माणसे कारकून, आचारी आणि शिंपी म्हणून पूर्व आफ्रिकेत गेली; त्यांतील शिंप्यांची संख्या आणि पत एवढी होती, की नैरोबीत गोव्याच्या शिंप्यांची स्वतःची वेगळी संस्था उभी राहिली. कारकुनी करणाऱ्या गोवेकरांच्या क्लबांत शिंप्याला बरोबरीने बसता येत नसे, हे त्या संस्थेमागील कटू कारण होते आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

या शिंप्यांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये शिवून आणलेला, कडक कॉलरचा व अंगालगत बेतलेला सूट येथे काटेरी झाडीत दोन दिवसांत फाटत असे. नैरोबीचा शिंपी आदल्या दिवशी मापे घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाकी ड्रिलचे, म्हणजे तिरप्या विणीच्या जाड सुती कापडाचे, दोन-तीन जोड हाती ठेवी. बंदुकीचा दस्ता टेकतो त्या खांद्यावर दुहेरी तुकडा, गुडघ्यांवर व बुडावर दुहेरी कापड, काखेत वारा जाण्यासाठी मोकळी जागा, छातीवर काडतुसांची घरे, कमरेखाली झाकणाचे मोठे खिसे आणि ते सावरून धरणारा त्याच कापडाचा पट्टा, असा जो बुश जॅकेट पुढे जगभर गेला, त्याची मुळे लष्करी कोटात असली तरी त्याला सफारीच्या गरजेप्रमाणे बेतण्याचे काम या ओसऱ्यांवर झाले. अहमद ब्रदर्स ही नैरोबीतील पेढी या कामासाठी पुढे अमेरिकन शिकाऱ्यांत नावाजली. त्या बुश जॅकेटचे श्रेय मात्र बहुतेक इतिहासांत ते घालणाऱ्यांना मिळाले आहे.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट २१ एप्रिल १९०९ रोजी मोंबासाला उतरले, तेव्हा मासिकाचा पाऊस चालू होता. स्मिथ्सोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते, आणि नैरोबीच्या न्यूलँड अँड टार्ल्टन या पेढीने त्यांची व्यवस्था पाहिली. रूझवेल्ट यांनी आपल्या कपड्यांची हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे : खाकी सैनिकी सदरे, गुडघ्यांवर चामडे लावलेल्या आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गुंड्यांनी घट्ट बसणाऱ्या विजारी, खिळे ठोकलेले किंवा रबरी तळाचे जोडे, आणि केवळ स्थानिकांच्या आग्रहाखातर घातलेली उन्हाची टोपी, जिच्यापेक्षा स्वतःची जुनी मऊ हॅट त्यांना अधिक प्रिय होती. त्याचबरोबर पावसासाठी मेणकापडी अंगरखा, एक सैनिकी ओव्हरकोट आणि डोंगरात रात्र काढावी लागल्यास मॅकिनॉ, म्हणजे जाड लोकरी जाकीट, हेही त्यांत होते. विषुववृत्तावर जाणाऱ्या माणसाने ओव्हरकोट घ्यावा, यातच त्या यादीचे शहाणपण आहे. डकोटाच्या गुरांच्या कुरणांवर थंडी सोसलेल्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागले नसावे.

मात्र हे सर्व सामान हमालांच्या डोक्यावरून व पाठीवरून जात होते. एका हमालाचे ओझे साठ पौंडांचे, म्हणजे सुमारे २७ किलोचे, ही मर्यादा पूर्व आफ्रिकेत रूढ झाली होती. त्यामुळे ट्रंकेचा आकार, वळकटीची जाडी आणि कपड्यांचे जोड या सगळ्यांचे माप त्या आकड्याला बांधलेले असे. ट्रंक पत्र्याची असे, कारण वाळवी चामडे व लाकूड खाते आणि नदी ओलांडताना पाणी आत शिरता कामा नये. एका गोऱ्या शिकाऱ्यामागे तीस-चाळीस हमाल लागत, रूझवेल्ट यांच्या मोठ्या तांड्यात तर ते शेकड्यांनी होते, आणि कातडी टिकवण्यासाठी नेलेले नुसते मीठच चार टन होते. हमालाला महिन्याला दहा-पंधरा रुपयांच्या आतबाहेर मजुरी आणि त्याखेरीज एक घोंगडी व एक विणलेली जर्सी मिळे. किनाऱ्याकडच्या किंवा सरोवराकाठच्या उबदार मुलखातील ही माणसे माऊ किंवा अबर्डेअर डोंगराच्या थंड पावसात गारठून कोसळत, असे त्या काळच्या शिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. मालकाच्या ट्रंकेत ओव्हरकोट आणि ती ट्रंक वाहणाऱ्याच्या अंगावर भिजलेली जर्सी, हे सफारीच्या कपड्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठे वैगुण्य आहे आणि सफारीच्या मोहक छायाचित्रांत ते कोठेही दिसत नाही.

मसाई गुराखी याच थंडीवाऱ्यात एका वस्त्रावर राहत होता. पूर्वी ते कातड्याचे होते, पुढे गेरूने रंगवलेल्या मांजरपाटाचे झाले आणि आता लाल चौकटींच्या जाड शुक्याचे आहे. दिवसा खांद्यावरून गाठ मारून घेतले की चालण्यास मोकळीक राहते, पहाटे दुहेरी गुंडाळले की ऊब मिळते आणि रात्री तेच पांघरूण होते. आपल्याकडचा धनगर खांद्यावरच्या घोंगडीचा जसा उपयोग करतो, तसाच हा उपयोग आहे.

गाठोड्यातील कपडे तळावर धुऊन पुन्हा पुन्हा वापरले जात, आणि त्यांतून एक प्रथा रूढ झाली जी वरवर पाहता निव्वळ साहेबी थाट वाटते : अंतर्वस्त्रांसह प्रत्येक कपड्याला इस्त्री करणे. आफ्रिकेच्या उष्ण भागांत ‘टुम्बू’ नावाची माशी ओलसर वाळत घातलेल्या कपड्यांवर अंडी घालते, त्यांतून निघालेल्या अळ्या कपडे घालणाऱ्याच्या त्वचेत शिरतात आणि तेथे गळू उठते. निखारे भरलेल्या लोखंडी इस्त्रीची धग शिवणींपर्यंत पोहोचली की ही अंडी मरतात. म्हणून तंबूच्या मागे इस्त्री फिरवणारा नोकर हा तांड्याचा वैद्यही होता. त्सेत्से माशी, जिच्या चाव्याने निद्रारोग होतो, ती गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते, हे पुढे सिद्ध झाले आणि तिला पकडण्याचे सापळे आजही निळ्या-काळ्या कापडाचेच करतात. खाकीला या माशीपासून जे थोडेबहुत संरक्षण मिळाले ते योगायोगाने.

सगळेच प्रवासी ओझ्याचा विचार करत नव्हते. मे फ्रेंच-शेल्डन ही अमेरिकन स्त्री १८९१ मध्ये किलिमांजारोकडे गेली, तेव्हा गावप्रमुखांच्या भेटीसाठी तिने दरबारी झगा आणि सोनेरी केसांचा टोप बरोबर नेला होता आणि ती स्वतः वेताच्या पालखीतून प्रवास करत होती. १९२० नंतर मोटारी आल्या, हमालाच्या पाठीचा धरबंध सुटला आणि ट्रंकांची संख्या वाढली. तळावर बर्फ, ग्रामोफोन आणि रात्रीच्या जेवणासाठी वेगळा पोशाख आला. तो पोशाख म्हणजे बहुधा पायजमा-सदरा, त्यावर जाड गाऊन आणि डासांपासून रक्षणासाठी गुडघ्यापर्यंतचे मऊ बूट असे, आणि उंचावरच्या गार रात्रीला तो खरोखरच योग्य होता. इव्ह सां लोराँ याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बुश जॅकेट पॅरिसच्या फॅशनमध्ये नेला. भारतात सफारी सूट कचेऱ्यांतून आणि लग्नसमारंभांतून दिसू लागला तो १९७० च्या दशकात, आणि तोवर त्याचा आफ्रिकेशी संबंध नावापुरताच उरला होता.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर संपूर्ण बंदी घातली आणि सफारी ही पाहण्याची व छायाचित्रे घेण्याची गोष्ट झाली. काडतुसांची घरे निरुपयोगी ठरली, परंतु ओझ्याची मर्यादा निराळ्या रूपाने परत आली. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून अभयारण्यांतील धावपट्ट्यांकडे जाणाऱ्या छोट्या विमानांत प्रत्येक प्रवाशाला साधारणपणे १५ किलो सामान नेता येते, तेही चाकांच्या कडक बॅगेत न भरता मऊ कापडी बॅगेत, कारण विमानाच्या पोटाखालील कप्पा ठेंगणा असतो. हे वजन जुन्या हमालाच्या ओझ्याच्या जवळजवळ निम्मे आहे. प्लास्टिक पिशव्यांवर केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये बंदी आणली, त्यामुळे ओले कपडे गुंडाळण्यासाठी तशी पिशवी नेणेही आता चालत नाही. सैनिकी ठिपक्यांचे कपडे आफ्रिकेतील काही देशांत नागरिकांना घालता येत नाहीत.

महाराष्ट्रातून मसाई मारा आणि सेरेंगेटी येथे जाणाऱ्या प्रवाशांपैकी पुष्कळ जण वाइल्डबीस्ट प्राण्यांचे स्थलांतर पाहण्यासाठी जुलै ते सप्टेंबर या काळात जातात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा इकडे पावसाळा असतो आणि तिकडे वर्षातील सर्वांत गार पहाटा असतात. सकाळी सहा वाजता उघड्या छपराच्या गाडीत उभे राहणाऱ्याला लोकरी जाकीट, कानटोपी आणि गळ्याभोवती मफलर लागतोच. नऊ वाजेपर्यंत यांपैकी एकेक उतरवून पातळ, पूर्ण बाह्यांच्या सुती सदऱ्यावर येता यावे, अशा थरांनी कपडे घालावेत. दुपारी लाल मुरमाची धूळ बसते, तिला खाकी व मातकट रंग पुरून उरतात आणि पांढरा पहिल्याच दिवशी हरतो. तळावर कपडे रोज धुऊन मिळत असल्याने तीन जोड पुरतात. आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने उबदार कपडे घरी ठेवून जाणाऱ्याने निदान एक स्वेटर बॅगेत टाकावा. न्गोरोन्गोरोच्या कडेवर जुलैच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो.